उंबरावरची घोरपड : प्रकल्प नोंदी, मार्च ते जून २०२५

२ मार्च

सकाळी साडेआठला मामाच्या मळ्यात पोचले. दिंडोरी तालुका. ओहोळाच्या अलीकडे द्राक्षबाग, पलीकडे कांदा आणि मध्ये काठावर हा उंबर. त्याच्या फांद्यांतून रामशेज किल्ला दिसतो. बुंध्याशी दत्ताच्या पादुका आहेत, दर गुरुवारी मामी तिथे दिवा लावते. मळ्यात विहीर खोल गेली, बाग दोनदा मोडून पुन्हा लावली, पण या झाडाला कुणी कोयता लावला नाही. दोन पुरुष उंचीवर एक जुनी फांदी मोडली होती, तिथे ढोली झाली आहे. घोरपड त्या ढोलीत राहते. कधीपासून, ते आजीलाही सांगता येत नाही. "मी लग्न होऊन आले तेव्हा होती," एवढंच ती म्हणते. तेव्हाची घोरपड हीच नसणार, पण ढोली तीच.

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला हा विषय घेतला तो फिलिपिन्समधल्या घोरपडीबद्दल वाचलं म्हणून. तिथले लोक तिला बुताआन म्हणतात, शास्त्रीय नाव व्हॅरॅनस ऑलिव्हेशियस. दक्षिण लुझॉन, कातांदुआनेस आणि पोलिलो या बेटांवरच ती सापडते. लांबी १.८ मीटरपर्यंत जाते, वजन ९ किलोच्या वर. एवढं मोठं जनावर आयुष्याचा बहुतेक काळ झाडावर काढतं आणि फळं खातं! घोरपडीच्या कुळात सत्तरहून अधिक जाती आहेत, जवळजवळ सगळ्या मांसाहारी. नेमाने फळं खाणाऱ्या म्हणून तीनच माहीत आहेत आणि तिन्ही फिलिपिन्सच्या.

ते वाचताना हा उंबर डोळ्यांसमोर आला. आपली घोरपडही झाडात राहते, तेही बारमाही फळणाऱ्या झाडात. ती उंबरं खात असेल का? प्रकल्पाचा प्रश्न हाच.

४ मार्च

प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी अटी घातल्या. पकडायचं नाही, मोजायचं नाही, दगड मारून बाहेर काढायचं नाही, आमिष ठेवायचं नाही. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीने. झाडाखाली जे सापडेल ते तिथेच बघायचं, फोटो काढायचा आणि तिथेच ठेवायचं, घरी काही आणायचं नाही. गावाचं नाव अहवालात लिहायचं नाही.

मला या अटी पटल्या. बुताआनचा इतिहासही हेच सांगतो. तिचा पहिला मोठा अभ्यास वॉल्टर ऑफेनबर्ग यांनी केला, त्याचं पुस्तक १९८८ साली आलं. फळं आणि गोगलगाई हा तिचा आहार पक्का कळला तो त्यातून, पण पोटात काय आहे ते बघण्यासाठी शंभराहून जास्त घोरपडी मारल्या गेल्या. पुढे डॅनियल बेनेट यांनी पोलिलोवर वर्षानुवर्षं काम केलं ते जनावराला हात न लावता. खोडावरचे नखांचे ओरखडे, फळझाडांखालची विष्ठा आणि आपोआप चालणारे कॅमेरे, एवढ्यावर. मला बेनेटांच्या वाटेने जायचं आहे.

९ मार्च

आठ ते साडेनऊ काही नाही. रात्री अजून गारवा असतो, त्यामुळे ऊन ढोलीवर येईपर्यंत ती बाहेर पडत नाही. ९.४० ला डोकं दिसलं. पुढची वीस मिनिटं फक्त डोकं. मग पुढचे दोन पाय, मग सगळं अंग, आणि ती आडव्या फांदीवर पोट टेकून पसरली.

दुर्बिणीतून पहिल्यांदाच इतकी नीट बघितली. नाकपुडी गोल नाही, तिरकी चीर आहे, डोळा आणि नाकाचं टोक यांच्या साधारण मध्यावर. आपली घोरपड ओळखायची मोठी खूण हीच. जीभ निळसर, टोकाला दुभंगलेली. बाहेर येते, हवेत वर-खाली लवते, आत जाते. जिभेच्या दोन टोकांवर आलेले वासाचे कण टाळूतल्या दोन खळग्यांशी पोचतात, म्हणून वास डावीकडून येतो की उजवीकडून हे तिला कळतं. गळ्याखालची कातडी भात्यासारखी फुगत होती. हा भाताही कामाचा आहे. बहुतेक सरड्यांना धावताना नीट श्वास घेता येत नाही, कारण अंग वळवणारे आणि बरगड्या हलवणारे स्नायू तेच. घोरपड गळ्याने हवा आत ढकलते, म्हणून ती लांबवर पळू शकते.

उजव्या मागच्या पायाचं एक बोट अर्धं आहे. पुढे ओळखायला याचा उपयोग होईल.

मामा पंप बंद करायला आला, मला पालथी पडलेली बघून म्हणाला, "काय शोधू राहिली गं पोरी तिथं?" दुर्बीण दिली. तो बराच वेळ बघत राहिला, मग काही न बोलता परत देऊन गेला.

१६ मार्च

ओरखड्यांचा दिवस. उंबराची साल आंब्याच्या मानाने गुळगुळीत असते, त्यामुळे नखं लागली की फिकट रेघा उठतात. जमिनीपासून ढोलीपर्यंत एकच पट्टा ओरखड्यांनी भरलेला आहे, झाडाच्या पूर्वेच्या अंगाला. ताज्या रेघांच्या कडेला चिकाचे पांढरे थेंब वाळलेले. जुन्या रेघा करड्या होऊन सालीत मिसळल्यात. चढतानाच्या रेघा आखूड आणि खोल, उतरतानाच्या लांब आणि उथळ. हे मी स्वतः तिला उतरताना बघून पडताळलं. उतरताना तोंड खाली असतं आणि मागची नखं सालीवरून घसरत येतात.

जेवताना तानाजीच्या घोरपडीचा विषय निघालाच. घोरपडीचं नाव काढलं की आपल्याकडे सिंहगड येतोच. त्या रात्री काय घडलं याचा निवाडा मी करणार नाही, पण पकड खरी आहे. कपारीत शिरली की ती अंग फुगवते, नखं रुतवते आणि मग ओढून निघत नाही. मात्र ती हे करते ते स्वतःच्या जिवासाठी.

३० मार्च

गुढीपाडवा. गुढी उभारून दुपारी झाडाखाली गेले आणि सापडलं!

मोठ्या फांदीच्या बेचक्यात विष्ठा, बोटभर लांब, आणि ती नुसत्या उंबराच्या बियांनी भरलेली. बारीक पिवळट बिया, शेकड्यांनी. मी शिडीवरून पाच फोटो घेतले, हात थरथरत होते. नाशिकमधली घोरपड फळं खाते! रात्री एक वाजेपर्यंत अहवालाचं पहिलं प्रकरण लिहीत बसले.

१ एप्रिल

मॅडमना फोटो दाखवले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पांढरं कुठंय?"

पक्षी आणि सरपटणारे प्राणी लघवी वेगळी टाकत नाहीत. युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा गोळा विष्ठेबरोबरच पडतो. घोरपडीच्या विष्ठेला तो असलाच पाहिजे. माझ्या पाच फोटोंत पांढऱ्याचा ठिपकाही नाही. शिवाय फांदीच्या बेचक्यात पुन्हा पुन्हा त्याच जागी, फळांच्या बिया असलेली विष्ठा म्हणजे बहुतेक उदमांजर.

मी हे शिकलेले होते. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत लिहिलेलंही होतं. झाडाखाली उभी असताना मात्र मला जे बघायचं होतं तेच दिसलं. पहिलं प्रकरण काढून टाकलं.

६ एप्रिल

विभागाचा ट्रेल कॅमेरा मिळाला होता, तो आठवडाभर झाडाला बांधून ठेवला. ४१२ फोटो. खारी, भारद्वाज, मामीची मांजर, आणि रात्री अडीचला बेचक्यात बसलेलं उदमांजर, डोळे दोन दिव्यांसारखे. मॅडमचं म्हणणं पक्कं झालं.

घोरपडीचा एकही फोटो नाही. मी शनिवारी तिला याच फांदीवरून जाताना डोळ्यांनी बघितलंय, कॅमेऱ्यापासून चार हातांवर.

८ एप्रिल

कारण सापडलं. हा कॅमेरा चित्र बघून जागा होत नाही, हलणारी उष्णता ओळखून जागा होतो. खार किंवा उदमांजर भोवतालापेक्षा गरम असतं, ते समोरून गेलं की फोटो निघतो. घोरपड आपली ऊब उन्हातून घेते. तापलेल्या फांदीवर तापलेली घोरपड म्हणजे कॅमेऱ्याच्या लेखी फांदीच. आता दर मिनिटाला एक फोटो आपोआप निघेल असं लावलंय, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. दिवसाला ५४० फोटो, सगळे स्वतः बघायचे.

२० एप्रिल

बाग रिकामी झाली, खरड छाटणी चालू आहे. ओहोळात डबकी तेवढी उरलीत. उंबराखाली पिकलेल्या फळांचा खच आणि आंबूस वास.

बारा दिवसांच्या फोटोंत ती ३१ वेळा झाडाखाली उतरलेली दिसते. त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा सरळ उंबरांच्या खचात. ११ तारखेला लागोपाठ सतरा मिनिटं, डोकं खाली, पुढच्या पायांनी फळं मागे उडवत. फोटो लहान करून बघितला तर कुणालाही वाटेल, फळं खातेय.

आणि आज विष्ठा मिळाली, खरी, एका टोकाला पांढरा गोळा असलेली, पूर्वेच्या बाजूला ओरखड्यांच्या पट्ट्याखालीच. विहिरीच्या थारोळ्याशी बसून चहाच्या जुन्या गाळणीत पाणी सोडत सोडत मोकळी केली. काळसर चिखल वाहून गेला आणि गाळणीत चमकायला लागलं. भुंगेऱ्यांच्या पाठीवरच्या कडक पंखांचे तुकडे, काही गर्द तपकिरी, दोन हिरव्या झाकेचे. खेकड्याच्या नांगीचं टोक, नखाएवढं. उंदराच्या केसांचा गुंता. अंड्याच्या पातळ कवचाचे तीन कपचे. उंबराच्या बिया नऊ, मोजून नऊ.

एक उंबर फोडलं तर आत बिया शेकड्यांनी निघतात. नऊ म्हणजे तिने फळ खाल्लेलं नाही, खाल्लेल्या किड्याला किंवा उंदराला त्या चिकटून आल्या. ती खचात शिरते ती फळांखालच्या किड्यांसाठी. उंबर पिकतं, सडतं, भुंगेरे येतात, उंदीर येतात, आणि घोरपड त्यांना खाते. माझ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आलं. त्याचं वाईट वाटत नाही. उलट उंबरात ती का राहते ते आता जास्त कळायला लागलंय.

सगळं धुऊन झाडाखाली परत ठेवलं.

२२ एप्रिल

बुताआन आणि आपली घोरपड शेजारी ठेवून लिहितेय. बुताआनचं पिल्लू टोकदार दातांचं असतं. मोठं होताना दात जाड आणि बोथट होतात, गोगलगाईचं कवच फोडायला योग्य. आतड्याला एक आंधळा कप्पा आहे, वनस्पतीचा भाग पचवायला कामी येणारा. फळांतही ती निवडक. केवड्याच्या कुळातली आणि आपल्या धूपाच्या जातभाईंची फळं अख्खी गिळते, गर पचवते, बिया धडधाकट बाहेर टाकते. म्हणजे ती जिथे फिरते तिथे ते जंगल पेरलं जातं. जंगल तुटलं की ती फळझाडं जातात आणि मागोमाग तीही. आपली घोरपड शेतात, बांधावर, गावाच्या कडेलाही राहू शकते. बुताआनला जुनी फळझाडं लागतातच.

बेनेटांच्या विष्ठेचं पुढे काय झालं तेही लिहून ठेवते. सात वर्षं गोळा केलेला ३५ किलोंचा साठा विद्यापीठातल्या आवराआवरीत कचरा समजून टाकला गेला. ही बातमी २००९ ची. लोकांनी तिच्यावर विनोद केले. थारोळ्याशी गाळणी घेऊन बसल्यावर मला त्यात विनोदाचं काही दिसत नाही. एक घोरपडही न मारता मिळवलेलं सात वर्षांचं ज्ञान होतं ते.

२७ एप्रिल

शेजारच्या मळ्यातले तात्या येऊन बसले. पंच्याहत्तरी ओलांडलेली, हातात दिमडीचा सराव अजून आहे. पूर्वी दिमडीला घोरपडीचं कातडं लावायचे, "आवाज निराळाच," असं म्हणाले. आता प्लॅस्टिकचं पान आहे. त्यांनी ते खंत म्हणून सांगितलं आणि मी ते तसंच ऐकून घेतलं.

मग म्हणाले, चंदन घोरपड लई इखारी, फुंकली तरी माणूस जातो. चंदन घोरपड म्हणजे कशी, विचारलं. लहान, पिवळी, अंगावर पट्टे. तात्या, ते तर हिचंच पिल्लू, वय वाढलं की पट्टे विरतात आणि रंग मातकट होतो. फुंकून कुणी मरत नाही. त्यांचा विश्वास बसला नाही, पण "दाखव मला सापडलं की," म्हणाले.

त्यांच्याबरोबर आलेल्या पाहुण्याने गुडघ्यांसाठी घोरपडीचं तेल मिळेल का विचारलं आणि घरात हत्ताजोडी ठेवली की पैसा टिकतो असंही सांगितलं. मोबाइलवर फोटो दाखवला. दोन जुळलेल्या हातांसारखं दिसणारं ते 'मूळ' झाडाचं नसतंच. नर घोरपडीचं कापून वाळवलेलं लिंग असतं ते. शेंदूर लावून डबीत विकतात. मी त्यांना सरळ सांगितलं, हे काय आहे आणि जवळ बाळगलं तर कायद्याने काय होतं. ते गप्प झाले. मला राग आला होता, तो आवाजात आला असणार. आला तर येऊ दे.

११ मे

अवकाळीने आठवडा खाल्ला. मामाने कांदा घाईघाईने चाळीत भरला, तरी कडेचा भिजला. घरात कुणी फारसं बोलत नाही. त्यात चाळीखाली उंदरांनी बिळं केलीत, म्हणून मामा तालुक्याहून उंदरांचं औषध घेऊन आला.

मी औषधाचा डबा वाचला. रक्त गोठू न देणारं, हळूहळू मारणारं विष. खाल्लेला उंदीर चार-पाच दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि त्याला घोरपड, घुबड, मांजर, जे खाईल त्याच्या पोटात तेच विष जातं. मामाला गाळणीतल्या उंदराच्या केसांचा फोटो दाखवला. मग फोटोंच्या ढिगातून ५ मेचा काढला. घोरपड अर्धी चाळीखाली, शेपूट बाहेर. पुढच्या मिनिटाला तोंडात उंदीर.

मामा बराच वेळ मोबाइल धरून बसला. कांदा त्याचा, नुकसान त्याचं, त्यामुळे मी पुढे काही बोलले नाही. संध्याकाळी मामीने सांगितलं की डबा माडीवर ठेवलाय आणि मामा पिंजरे आणायला गेलाय.

१८ मे

पाच दिवस घोरपड नाही. ढोलीच्या तोंडाशी पाण्याचे ओघळ. ओरखडे सगळे जुने.

२५ मे

आज ओहोळापलीकडच्या बांधावर वारुळापाशी दिसली. अर्धं बोट तेच. पुढच्या पायांनी वारुळाच्या कुशीत उकरत होती, थांबून जीभ काढत होती, पुन्हा उकरत होती. मादी असेल तर अंड्यांची जागा शोधत असेल. पावसाळ्यात ती मातीत किंवा वारुळात अंडी घालून बुजवून टाकते, पिल्लं आठ-नऊ महिन्यांनी बाहेर पडतात. वारुळात ऊब आणि ओल सारखी राहते, ते अंड्यांना मानवतं. पण वाळवी खातही असेल. दुरून नर-मादी ठरवता येत नाही, म्हणून वहीत फक्त 'उकरते' एवढंच लिहिलंय. पाडव्याच्या चुकीनंतर ही सवय मी स्वतःला लावून घेतेय.

बसल्या बसल्या व्हॅरॅनस बिटाटावाचं टिपण पुरं केलं. फळं खाणाऱ्या तिघींतली ही सर्वांत अलीकडे नोंदवलेली. उत्तर लुझॉनच्या डोंगरात राहते, दोन मीटर लांब, काळ्या अंगावर सोनेरी ठिपके. शास्त्रीय नोंद झाली ती २०१० साली! तिथल्या अगता लोकांना ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, ते तिला खातही आले. दोन मीटरचं जनावर शास्त्राला इतकी वर्षं दिसलं नाही, कारण ते शेंड्याला राहतं आणि मोकळ्यावर सहसा येत नाही. बुताआनच्या मुलखापासून ते अंतर १५० किलोमीटरच्या आसपास, पण मधली सखल नदीखोरी या जंगलात राहणाऱ्या घोरपडींना ओलांडता येत नाहीत.

८ जून

काल रात्री चांगला पाऊस झाला, सकाळी उघाडलं. मी पोचायच्या आधी मामाचा फोन, "लवकर ये, तात्यांनाबी घेऊन ये येताना."

उंबराच्या पश्चिमेच्या अंगाला, मनगटाएवढ्या फांदीवर पिल्लू. वीतभर धड आणि त्याहून लांब शेपूट. पिवळसर ठिपके ओळींनी, मानेवर गडद पट्टे, डोळा काळा कुळकुळीत. पावसाने धुतलेल्या फांदीवर ते इतकं उठून दिसत होतं की दुर्बिणीची गरज नव्हती. एक मुंगळा जवळ आला, पिल्लाने मान वाकडी करून बघितलं आणि झटक्यात उचलला.

तात्या चार पावलांवर थांबले. मी फांदीखाली जाऊन उभी राहिले. पिल्लाने गळा फुगवला आणि फुस्स केलं, पुरेसं मोठ्याने, तात्यांनाही ऐकू गेलं. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी तिथेच उभी राहून वेळ लिहिली, ९.१२.

मग तात्या जवळ आले. पिल्लाकडे बघत म्हणाले, "एवढंसं हाय की."

पिल्लं अशीच वर राहतात. जमिनीवर कुत्री, मुंगूस, साप आणि मोठ्या घोरपडीही. लहानग्याला खायला मोठी मागेपुढे बघत नाही, पण मनगटाएवढ्या फांदीवर तिचं वजन तोलत नाही. ९.४० ला ढोलीतून मोठीचं डोकं बाहेर आलं, बऱ्याच दिवसांनी. पिल्लू शेंड्याकडे दोन हात सरकलं आणि पानांआड गेलं. शेपटीचं टोक तेवढं दिसत होतं.

कॅमेऱ्याची बॅटरी बदलली, तोंड पश्चिमेच्या फांदीकडे वळवलं.